हसून ठेवून घ्यावे

तेलगाव, माघ वद्य पंचमी, शके १८४४

तीर्थरूप दादांच्या पायी धाकट्या मुक्ताचा नमस्कार. हाँगकाँगहून तुम्ही पाठवलेले पार्सल पोचले: चिनी मातीचा वाडगा एक, रेशीम दोन वार, दुकानदाराची लाल चिठ्ठी एक. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकातीचा दीड रुपया (हाली, इकडच्या नाण्यात) पडला. (सुतळी गुंडाळून ठेवली आहे.) तुमचा खोकला कसा आहे? इकडे वैजनाथाच्या कृपेने सर्व खुशाल.

चिठ्ठीवरची दोन अक्षरे म्हणजे चिनी पंडितांचे जुने क्रियापद, ‘हसून ठेवून घ्यावे’, असे तुम्ही कळवलेत. ते वाचून दाखवताच सासूबाई म्हणाल्या, “भावानं हसा म्हणून लिव्हलंय तर हसा बाई, तिकडचा शकुन असंल,” आणि सगळे घर वाडग्याभोवती बसून रीतसर हसले. मला ते पटेना. पुण्याला मॅट्रिक झाले ती काय उगीच? तीन दिवस भाकऱ्या थापताना विचार केला आणि उकलले: देणाराच आपली वस्तू हलकी करून सांगतो, की पाहून हसू येईल, तरी घ्या. आपली फूल ना फुलाची पाकळीच. उभ्या बीड जिल्ह्यात हे जाणणारी मी एकटीच असेन.

म्हणून परवा सिरसाळ्याच्या जानकीबाई आपल्या मुलासाठी तुमच्या भाचीला, शिवकन्येला, पाहायला आल्या, पोर पसंत करून तिच्या ओटीत खण घातला, तेव्हा मी हात जोडून म्हणाले, “तुमचा खण आम्ही हसून ठेवून घेतला.” (हसलेही, बेताने.) जानकीबाई म्हणाल्या, “हसाया काय झालं? उकिरड्यावरून उचलून आणलाय व्हय?” आणि चहा तसाच ठेवून गाडीत बसल्या. तेव्हा खरी खोच कळली. हे देणाऱ्याच्याच तोंडी शोभते. घेणाऱ्याने म्हटले की समोरच्याची वस्तू हलकी ठरते. इतके बारकाईने तुमच्या पेढीवरच्या मुनिमांनाही ठाऊक नसेल.

तुमची मुक्ता

ता. क. सोयरीक अडली आहे. चीन देशी हे आदराचे बोलणे असते, एवढे जानकीबाईंना लिहा.

आणखी ता. क. वरचे राहू द्या. सासूबाई (अक्षरओळख नाही) आज तो वाडगा घेऊन सिरसाळ्याला जाऊन आल्या. तिथे म्हणाल्या, “इहीणबाई, सून शिकलेली हाय, तिला बोलायचं समजत न्हाई. हे भांडं बी तसलंच, दिसायला लई, कामाला न्हाई. हसा अन् ठिवून घ्या.” जानकीबाई पोटभर हसल्या, वाडगा ठेवून घेतला, वैशाखातली तिथी धरली. क्रियापद सासूबाईंनी अगदी बरोबर वापरले. शिकवलेले माझेच.

मामाशिवाय अंतरपाट कोण धरणार? आहेर काहीही आणा, चिठ्ठी मात्र सासूबाईंच्या हाती द्या. कधी निघता ते उलट टपाली कळवा.