मितेशची उलटी रिक्षा

९ नोव्हेंबर, रविवार
मितेशने गाडी आणली. चुलतभाऊ आहे, कौतुक करायला हवं. केलं. मोटरसायकल म्हणे, पण चाकं तीन. पुढे दोन, मागे एक. म्हणजे उलटी रिक्षा. डोंबिवलीत रिक्षा कमी होत्या म्हणून परदेशातून मागवली. अख्खं गाव त्याच्या अंगणात. आमचे आबा काठी टेकत गेले, सीटवर बसून फोटो काढून आले. माझ्या बुलेटवर आबा आजवर बसलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून.

निशिगंधा म्हणते, तुम्ही जळता. बायको आहे, बोलणारच. मी जळत नाही. फक्त झोप लागली नाही.

११ नोव्हेंबर
शहाडहून माया ताईचा फोन. एकोणतीसला तिच्या सिद्धेशची हळद. नवरदेवाची एंट्री मितेशमामाच्या गाडीवरून. सिद्धेशचीच इच्छा आहे म्हणे.

सख्खा मामा मी. मितेश चुलत. गावदेवीपासून नवरदेवाला आणायचं आणि मांडवाच्या दारात खांद्यावर घेऊन नाचवायचं, हा आमच्यात सख्ख्या मामाचा मान. त्यासाठी बुलेटला नवीन सायलेन्सर बसवलेला. ताईला म्हटलं, छान, पोराची हौस आहे. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१४ नोव्हेंबर, दुपार
देव आहे.

मितेश बाहेर गेलेला, गाडी अंगणात. सहज बसून पाहिली. हँडल हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. जरासं हललं आणि माझी कंबर लचकली. याला म्हणे पॉवर स्टीअरिंग. माल डिफेक्टिव्ह आहे. आनंद झाला असं नाही, पण येताना जिलेबी आणली.

१६ नोव्हेंबर
चार लोकांच्या कानावर घातलं, काळजीपोटी. गाडी उभी राहिली की स्टीअरिंग जाम होतं. संध्याकाळी बातमी शहाडला पोचलेली. मितेशलाही कळलं. तो हसला म्हणे. हसू दे.

प्लॅन: मिरवणूक बेंजोवर नाचायला थांबणारच. गाडी उभी. स्टीअरिंग जाम. मितेशचं तोंड एवढंसं. तेवढ्यात मी पुढे होणार, सिद्धेशला खांद्यावर घेणार, थेट मांडवात. पोराचं वजन वाढलंय, हा एकच प्रॉब्लेम. उद्यापासून जिम.

१७ नोव्हेंबर
कंबर. जिम उद्यापासून.

२० नोव्हेंबर
कामानिमित्त खोपटला. डेपोत ड्रायव्हर उभ्या एसटीचं स्टीअरिंग एका हाताने गरागरा फिरवत होता. इंजिन घरघरत होतं, बाकी काही ऐकू येत नव्हतं. बघत राहिलो. सरकारी बसला जमतं, मितेशच्या गाडीला जमत नाही. समाधानाने उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यालो. त्यामुळे जिम राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार
मितेश घरी आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादूस, सख्खा मामा त तूच. गाडी तू चालव, पोराला तूच आन."

आबांनी डोळे पुसले. निशिगंधाने त्याला चहाबरोबर चकल्या दिल्या. त्या संपल्या असं मला कालच सांगितलेलं.

फार राग आला. आता मोठेपणाही तोच घेणार. पुढे तो काहीतरी समजावत बसला. इंजिन, मोटर, उभी असताना. मी म्हटलं, माहितीये. मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवतोय.

२६ नोव्हेंबर
ट्रायल. चक्कर मारून आलो. हँडल लोण्यासारखं. म्हणजे मितेशने गुपचूप रिपेअर करून घेतलंय. म्हणजे डिफेक्ट होता. निशिगंधाला सांगितलं. तिने मिक्सर लावला, म्हणजे पटलं.

जिमची आता गरज नाही. गाडी थेट मांडवाच्या दारात लावायची, तिथून खांद्यावर चार पावलं.

३० नोव्हेंबर, सकाळी, लग्नाला निघायच्या आधी
कालचं थोडक्यात लिहितो.

निघताना हेल्मेट घातलं. मामाने नियम पाळावेत. मागे सिद्धेश. मांडवाच्या वळणावर बेंजो रंगला, थांबावं लागलं. पोरं मोबाइल घेऊन समोर. म्हटलं दाखवावं. उभ्या गाडीचं हँडल एका बोटाने डावीकडे, एका बोटाने उजवीकडे. टाळ्या. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. बरीच गाणी हेच चाललं. मग हँडल जड लागायला लागलं. स्टीअरिंगची मोटर तापली असणार. गाडीला जरा आराम म्हणून इंजिन बंद केलं.

वळायची वेळ आली तर हँडल दगड. मांडव डावीकडे, चाकं उजवीकडे. चौघांनी ढकलली, गाडी गटाराकडे निघाली. मी ब्रेक दाबला आणि ओरडलो, जाम झालं. कुणालाच नवल वाटलं नाही. सगळे म्हणाले, ते जामच होतं, देवेशमामा आधीपासून सांगत होते.

मांडवातून मितेश धावत आला. माया ताई हळदीला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला आलेली. "दादूस, ब्रेक सोडू नको," असं म्हणून त्याने सिद्धेशला खांद्यावर घेतलं आणि नाचत गेला. बेंजो त्याच्यामागे, बायका बेंजोमागे. मी ब्रेकवर.

हळद लागल्यावर तो परत आला. बटण दाबून इंजिन चालू केलं, हँडल एका बोटाने वळवलं. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाला, "इंजिन बंद व्हता रं, दादूस."

हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. ताईलाही नाही. तेच सहन होत नाही.

१ डिसेंबर
सिद्धेशने स्टेटसला हळदीचा फोटो ठेवलाय, लग्नाच्या ग्रुपवरही टाकलाय. मितेशच्या खांद्यावर सिद्धेश, दोघं पिवळेधमक, हसतायत. वर एकच शब्द, मामा. मागे मी. हेल्मेट, दोन्ही हात हँडलवर. निशिगंधा म्हणाली, बरं झालं, ओळखू येत नाही.

ग्रुपवर मुलीकडच्या कुणीतरी विचारलं, मागे हेल्मेटवाले कोण? त्यांच्यातल्याच दुसऱ्याने लिहिलं, गाडीचा ड्रायव्हर असेल.

मी लांबलचक उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी नुसता अंगठा दिला.