फोरमनची शाबासकी

शिरोली, १२ डिसेंबर १९९८

अव्वा,
पायावर डोकं ठेवतो. मी बरा हाय.

श्रावणातली सर्दी गेली, नाक मात्र अजून चोंदलेलंच हाय. डॉक्टर म्हणाले, सर्दीचा व्हायरस कवाच गेला, पण सायनसचा त्रास जुना, त्यामुळं व्हायरस गेला तरी अंग अजून भांडतंयच आणि नाकातली सूज उतरत न्हाय. दिवाळीत परत सर्दी झाली, तवापासून वास येईना. तू काळजी करू नको.

तुझी शेंगदाण्याची चटणी पुरवून खातो. माझ्या खोलीत राहणारा, कामावरचाच जोतीराम म्हणाला, लसूण झणझणीत हाय. मला कळला न्हाय. गाय व्याली का?

मंगळवारी फौंड्रीत साचे कडक करायच्या गॅसची नळी गळली. घाण वासानं सगळी बाहेर पळाली. मी काम करत तिथंच उभा. जोतीरामनं दंडाला धरून ओढत बाहेर आणलं.

फोरमनसाहेब म्हणाले, गडी खमक्या हाय, वासाला भीत न्हाय. नोकरीत कायम करतो म्हणाले, म्हणून मी नाकाचं बोललो न्हाय.

आनंदाची बातमी म्हणून लगेच लिहिलं. सोमवारपासून जोतीराम दुसऱ्या पाळीला जाणार. गॅसच्या खोलीत मी एकटाच.

तुझा
महांतेश