मॉर्टनला उतरायचं होतं

ऑक्सफर्ड,
२० एप्रिल १९७८

चि. एडगरला,
अ. उ. आ. सदुसष्टीच्या माणसाला चि. लिहू नये म्हणतोस, पण मी थोरली आहे तोवर तू चि.च.

मेबलला मातीआड करून तुझ्या दारात निरोप घेतला तो नोव्हेंबर होता. आता झाडांना पालवी फुटली. बायको गेल्यापासून तू हेरफर्डहून हलत नाहीस. मी येते म्हटलं तर घर आवरलेलं नाही. तू इकडे ये म्हटलं तर माझा पलंग फार मऊ! बरं बाबा, मग मधेच भेटू. मॉर्टनला तुझी गाडी पश्चिमेकडून येते, माझी पूर्वेकडून. सकाळी भेटायचं, टेकडीवरचं स्टो गाव पाहायचं, बोर्टनला नदीकाठी जेवायचं आणि संध्याकाळी आपापल्या घरी. कुणाच्या पलंगाचा प्रश्नच नाही.

माझं बरं चाललंय. परवा दूधवाल्याने काही विचारलं तर उत्तर द्यायला घसा खाकरावा लागला; बरेच दिवस कुणाशी बोलणंच झालं नव्हतं. तो बिचारा सर्दीचं औषध सांगून गेला. तुझ्या भाचीचं, जोआनचं, टोरांटोहून पत्र नाही. लेकरंबाळं सांभाळायची, तिला तरी कुठला वेळ.

मंगळवार धर, मॉर्टनला बाजार असतो. जन्मभर शाळेत पोरांना भूगोल शिकवलास, आता एक दिवस बहिणीलाही शिकव.

लोभ तुझ्यावर आहे, तुझ्या आळसावर नाही.
हिल्डाताई


हेरफर्ड,
२७ एप्रिल १९७८

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण बोर्टनची पायवाट त्यालाच तुडवायची आहे.

तुझं पत्र आल्यापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खातो, त्यामुळे अडचण होत नाही. तुझा बेत कच्चा आहे. स्टोला सकाळचा वारा झोंबतो, म्हणून आधी बोर्टन. तिथून शेतांतून वाट लोअर स्लॉटरला जाते. गिरणी आहे, बदकं आहेत, मधाच्या रंगाची घरं आहेत. स्टोला जाऊ दुपारच्या चहाला. सँडविच मी आणतो, तू केक आण. तुझ्या हातचे सँडविच मी लहानपणी पुरेसे सोसलेत.

काल बेत लिहिताना तिघांचं जेवण धरलं होतं. मग खोडलं.

शेजारच्या मिसेस ग्रिफिथ्स रोज काहीतरी निमित्त काढून दार वाजवतात, मी आहे ना अजून ते बघायला. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, जा हो एकदाचे, तेवढाच मला एक दिवस आराम.

तर सोळा मेचा मंगळवार. तुझी गाडी आधी पोचते. माझ्या फलाटावर येऊन थांब, आणि धावत येऊ नकोस.

लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.
एडगर


ऑक्सफर्ड,
१७ मे १९७८

चि. एडगरला,
आशीर्वाद. आज ते दातओठ खाऊन देते आहे.

गाडीतून बाजारची सगळी माणसं उतरली, टोपल्या उतरल्या, तू उतरला नाहीस. म्हटलं, चुकली असेल गाडी. पुढची आली, तीही गेली. मग माझा जीव घाबरा झाला. मिसेस ग्रिफिथ्सना फोन लावला. त्या म्हणाल्या, अहो, ते तर सकाळीच गेले, टाय लावून, बूट चमकवून! मी स्टेशनमास्तरांना म्हटलं, माझा भाऊ वाटेत कुठेतरी पडला असणार हो. ते चौकशी करणार तेवढ्यात किंगहॅमहून त्यांनाच फोन आला. एक म्हातारे गृहस्थ इथे बाकावर बसलेत, तब्येत ठीक आहे, बहिणीला थांबू नको म्हणतायत.

किंगहॅम म्हणजे पुढचं स्टेशन. म्हणजे तू माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेलास. स्टेशनमास्तर माझ्याकडे बघायचंच टाळत होते. त्यांनी चहा दिला, मी तो तसाच ठेवला.

मग रागारागाने गेले मी तुझ्याच बेताप्रमाणे. बोर्टनच्या नदीवरचे ते बुटके पूल पाहिले आणि सगळा केक बदकांना घातला. बाकावरच्या एका बाईने विचारलं, एकट्याच आलात का? मी म्हटलं, भाऊ मागून येतोय. का म्हटलं, कुणास ठाऊक. येताना किंगहॅमला गाडी थांबली तेव्हा काचेला नाक लावून पाहिलं. फलाटावर कुणी नव्हतं.

काय झालं ते कळव. आजारी असलास तर रागावणार नाही.

हिल्डाताई


हेरफर्ड,
२० मे १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. विशेष लिहायला हात धजत नाही.

आजारी नव्हतो. मी दाराशी उभाही राहिलो होतो. गाडीचा वेग कमी झाला आणि फलाटावर मला मेबल दिसली. हिरवा कोट, कॉलर वर केलेली, पाठ माझ्याकडे. तो कोट नोव्हेंबरात मीच तुला दिला, हे त्या क्षणी डोक्यातून पार गेलं होतं. ताई, मला नुसता आनंद झाला. वाटलं, बरी ही आधी पोचली! किती महिन्यांनी आतून हसू आलं. आणि मग तू वळलीस.

ती तू निघालीस याचं मला वाईट वाटलं. हे दुसऱ्या शब्दांत लिहून पाहिलं, जमलं नाही. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं ती बहीण वाट बघत उभी होती, आणि मला तिचा राग आला. असं तोंड घेऊन कसा उतरू? मी परत जागेवर बसलो. तू खिडकीखिडकीतून शोधत होतीस, मी वर्तमानपत्र समोर धरलं.

किंगहॅमला उतरून बसून राहिलो. तिथल्या माणसाने विचारलं, कुठे जायचंय आजोबा? शेवटी म्हटलं, मॉर्टनला फोन करा. परतीच्या गाडीने मॉर्टनवरून आलो तेव्हा तू तिथे नव्हतीस.

हवं तेवढं रागाव. पण लिहीत जा.
एडगर


ऑक्सफर्ड,
२४ मे १९७८

चि. एडगरला,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेगडीत टाकणार होते. टाकलं नाही. चटका बसला, खोटं कशाला बोलू. पण माझा जॉर्ज गेल्यावर मीही रस्त्यात त्याच्या चालीचा माणूस दिसला की मागेमागे जायचे. एकदा तर एका परक्याच्या मागे थेट न्हाव्याच्या दुकानात शिरले.

तरीही एक सांगते. आपल्याला बघून कुणाला तरी आनंद व्हावा, एवढं मलाही वाटतं रे. त्या दिवशी सकाळी केस बांधताना मी आरशासमोर गुणगुणत होते. वाट बघायला आता मला तू एकटाच आहेस. तूही नाहीस म्हटलं तर मी कुणासाठी गाडीत बसायचं?

कोट मी टाकणार नाही. उबदार असा तेवढाच आहे, आणि आपल्या जूनचा काय भरवसा. सहा तारखेच्या मंगळवारी त्याच गाडीने ये. मी गाडीकडे तोंड करून उभी राहीन, म्हणजे लांबूनच कळेल की ही हिल्डा आहे. पुढे जायचं असेल तर जा. मी पुन्हा बोलावणार नाही.

उत्तर लिहू नकोस.
ताई


हेरफर्ड,
७ जून १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो.

गाडीकडे तोंड करून उभी होतीस खरी, पण डोळे गच्च मिटून! मी समोर येऊन उभा राहिलो तरी उघडेनास. मी म्हटलं, उभ्याउभ्या झोपलीस का? तर म्हणालीस, गाडी गेली का ते आधी सांग. बाजारची माणसं हसत होती. मी नव्हतो हसत.

पाऊस, चुकलेली बस, चहाच्या दुकानात अख्खा दिवस. एकदा तू बोलता बोलता माझा हात धरलास, ते बरं केलंस. मेबलबद्दल मी इतका वेळ कुणाशी बोललो नव्हतो. तूही जॉर्जबद्दल काय काय सांगितलंस. मला वाटायचं, तू त्याला केव्हाच विसरलीस.

आल्यावर मिसेस ग्रिफिथ्सनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हटलं, काहीच नाही. त्या हळहळल्या. मीही त्यांना हळहळू दिलं.

घर होतं तसंच आहे. ते एका मंगळवाराने बदलणार नाही, हे मला कळतं. कुलूप काढून अंधारात टोपीसकट खुर्चीत बसलो आणि तुझी गाडी कुठवर गेली असेल ते मनात धरत गेलो. किंगहॅम. चार्लबरी. ऑक्सफर्ड. मग स्टेशनपासून तुझ्या गल्लीपर्यंतचा रस्ता, तुझ्या गुडघ्याच्या चालीने. तू दार उघडलं असशील असं वाटलं, तेव्हा उठून दिवा लावला.

लोभ असाच राहू दे, आणि पोचलीस ते कळव.
एडगर