पक्क्या शाईतला खुशालमामा

भीमपूर,
मंगळवार, दुपारची सुट्टी

आत्याबाई,

आधी माझा जयभीम घ्या. गुडघ्याला तेल लावून झाले असेल तर भिंतीला टेकून बसा, आणि मगच वहिनींना हे पत्र वाचायला सांगा. गुडघा आता कसा आहे? पायरी चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचे राहून गेले आणि त्याची मला रुखरुख आहे. (वृषाली वहिनी, तुम्हालाही जयभीम. पत्र मोठ्याने वाचा, पण कंसातले मनातल्या मनात. तुम्ही बी.ए. आहात, कंस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पण सांगितले नव्हते असे व्हायला नको.)

फोन का केला नाही, असे विचाराल. केला होता. गेल्या आठवड्यात तीन वेळा केला, आणि मी ‘आजीचे भाऊ’ एवढे म्हणताच तिन्ही वेळा तुमचे दूध उतू गेले. (वहिनी, तुमच्याकडे अर्ध्या लिटरची एकच पिशवी येते ना?) म्हणून पत्र लिहीत आहे.

गोष्ट आनंदाची आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मधेच छातीला हात लावाल. माझा साखरपुडा मोडलेला नाही. येत्या रविवारीच आहे, आमच्याच घरी. तो मोडता मोडता राहिला, आणि मोडायला दुसरे तिसरे कोणी नाही, मीच निघाले होते.

झाले असे की चौथीच्या मुलांना ‘माझ्या घराची वंशवेल’ असा उपक्रम द्यायचा होता. जे आपण केले नाही ते मुलांना सांगू नये, असे मला वाटते, म्हणून आधी स्वतःची काढायला बसले. (मुलांच्या वेली माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या. एका मुलीने बैलजोडीलाही चौकट दिली. का म्हणून विचारले तर म्हणाली, बैल आईच्या आधी घरात आले.) माझी वेल आजोबांपर्यंत गेली आणि थांबली. बाबांना विचारले, तर ते, म्हणजे तुमचा नागो, ओट्यावर बसून म्हणाले, “लिही ना. आमचा बाप, त्याचा बाप, त्याचाबी बाप. तिघंबी सालदार. झालं.” नावे विचारली, तर म्हणाले, “मालक जी हाक मारे, तेच नाव.”

एवढ्यावर माझे समाधान होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कचेरीत जुनी पहाणी, म्हणजे निजामाच्या काळचा सातबारा, पाहायला गेले. उर्दूतली आहे. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी चष्मा पुसून फार मायेने वाचून दाखवली. ज्या शेतात आपल्या तीन पिढ्या राबल्या त्याचा नंबर आहे, आकार आहे, विहीर आहे, बांधावरची आंब्याची झाडेसुद्धा मोजलेली आहेत. माणसे नाहीत. साहेब म्हणाले, “बेटी, जमीन किसके नाम थी?” मी म्हटले, आमच्या नव्हती. “तो फिर नाम कहाँ से आएगा?” ते वाईट बोलले नाहीत, खरेच बोलले. पण परत येताना बसमध्ये मी ठरवले की कागदात नसतील तर माणसांच्या तोंडून गोळा करीन. आपल्या घरात वही हातात धरणारी मी पहिली. मी नाही लिहिले तर कोण लिहिणार?

मग मी शिस्त लावली. ज्याची खात्री नाही ते पेन्सिलीने, खात्री झाली की पक्क्या शाईने. भागाबाई, म्हणजे माझी आजी, तुमची आई, शाईने. तिच्या शेजारी भाऊ खुशाल, आधी पेन्सिलीने. मग बाबांनी सांगितले की लहानपणी दर दिवाळीला खुशालमामा आजीसाठी चोळी घेऊन यायचे, आजी त्यांना ओवाळायची, आणि बाबांना त्यांच्या खांद्यावर बसल्याचे आठवते. आजी गेली तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते, नंतर मामा येईनासे झाले. भाऊबीजेपेक्षा मोठा पुरावा कोणता? मी शाईने गिरवले. वर रेघही जोडली.

वेल आता सुंदर दिसू लागली होती, म्हणून मला वाटले की उजवीकडे जागा आहे तर अनुपच्या घरचीही काढावी. (अनुप म्हणजे माझे ठरलेले स्थळ, बोथच्या कचेरीतले क्लार्क. वहिनी, स्वभाव चांगला आहे. हे मात्र मोठ्याने वाचलेत तरी चालेल.) मी त्यांना संदेश पाठवला : आजोबांचे नाव आणि मूळ गाव कळवावे. बिचारे घाबरले. त्यांना वाटले आमच्याकडून चौकशी चालली आहे. त्यांनी पाच मिनिटांत आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला आणि दहावीचा गुणांचा मेमो पाठवला, सगळ्यांवर स्वतःची सही करून. (गणितात ब्याण्णव.) आणि खाली आजोबांचे नाव, गाव आणि ते ज्याच्याकडे सालदार होते त्या मालकाचे नाव लिहिले. आजोबा खुशाल. गाव तेच. मालक तोच.

आत्याबाई, मी लगेच वेल पुढे ओढली. खुशालमामा आजीचे भाऊ, म्हणजे बाबांचे मामा. त्यांचा मुलगा बाबांचा मामेभाऊ, म्हणजे माझा काका. काकाचा मुलगा माझा कोण? मी तीन वेळा वरून खाली आणि दोन वेळा खालून वर मोजले. प्रत्येक वेळी भाऊच आला.

तीन दिवस मी कोणाला सांगितले नाही. अनुपचा ‘जेवलीस का’ असा संदेश आला की मला वाटायचे, भाऊही असेच विचारतो. शेवटी राहवेना, म्हणून आमच्या शाळेत तेलुगू शिकवणाऱ्या मॅडमना विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, डबा उघडला आणि म्हणाल्या, “हमारे में तो सगे मेनमामा से शादी होती है. मेरी खुद की हुई. तुम्हारा प्रॉब्लेम क्या है?” मेनमामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. एवढे बोलून त्यांनी माझ्या पोळीवर लोणचे वाढले.

घरी सांगितले तेव्हा बाबांना आधी हर्षच झाला. “खुशालमामा! मंग तं आपलेच लोक निंगाले!” असे म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मग बोटांवर मोजू लागले. तिसऱ्या बोटावर थांबले. आई चुलीपुढून म्हणाली, “तुले कोनं सांगतलं होतं खोदाले? लोकायच्या पोरी लगन ठरल्यावर साड्या पाह्यतेत, आमची बुडखे पाहून राह्यली.” बाबा म्हणाले, गप बसू, कोणाला काय कळते. पण मला कळले होते ना! तेव्हाच मी तुम्हाला फोन लावला, तुम्ही बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, तुम्हालाच खरे माहीत असणार म्हणून. दुधाचे वर लिहिलेच आहे.

शेवटी शनिवारी मी आणि बाबा बोथला गेलो, खरे ते सांगून मोकळे व्हायला. पसंतीला त्यांनी दिलेल्या साडीची घडी मोडली नव्हती, ती पिशवीत घेतली. वेलीची गुंडाळी काखेत. बसमध्ये बाबा म्हणाले, तिथे तूच बोल, मला जमायचे नाही. तिथे गेल्यावर मात्र बोलले. चहा झाला, पोहे झाले, आणि बाबा चाळीस मिनिटे कापसावरच्या बोंडअळीबद्दल बोलत राहिले. मी खाकरले की ते सोयाबीनकडे वळायचे. अनुप दारात उभे होते. माझ्याकडे आणि पिशवीकडे पाहून हळूच म्हणाले, “अर्ज नामंजूर झाला काय?” त्यांचा चेहरा पाहून मला रडू आले असते, पण पोह्यांची ताटली हातात होती.

मग मी उठून ती गुंडाळी खाटेवर पसरली. खाटेवर अनुपच्या आजी बसल्या होत्या, गयाबाई, वय पंच्याऐंशी. त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवले, “हा कोन?”

“हे तुमचे मालक. खुशालबाबा.”

“येवढासाच?”

(माझ्या चौकटी लहान झाल्या आहेत, हे मला मान्य आहे.)

“अन् ह्याईच्या बाजूले कोन बसवली?”

“भागाबाई. त्यांची बहीण. माझी आजी.” बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

गयाबाईंनी माझ्याकडे असे पाहिले जसे मी पाढा चुकलेल्या पोराकडे पाहते. “ह्याईले बहीन कुठली आनली तू? एकलं लेकरू होतं. मायबाप लहानपनीच गेले. भागाबाई म्हनजे कानपिळीची बहीन!”

आत्याबाई, तुम्हाला हे माहीतच असेल, पण मला पहिल्यांदाच कळले. आजीचे लग्न मालकाच्या गोठ्यापुढे लागले. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि आजीला भाऊच नव्हता. लग्न खोळंबले. तेव्हा तिथे कडबा टाकत असलेल्या सतरा वर्षांच्या पोराला कोणीतरी हाताला धरून आणले आणि म्हणाले, हा घ्या भाऊ. तेच खुशालमामा. त्यांना कान किती पिळायचा हे माहीत नव्हते. बैल धरणारा हात. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आठ दिवस तो कान लाल राहिला. मानाची टोपी मिळाली, आणि ती टोपी घेतली म्हणून ते जन्मभर दर दिवाळीला चोळी आणत राहिले. त्यांना स्वतःचे कोणी नव्हते, आजीलाही नव्हते. आपल्या घरात त्यांना कोणी कधी ‘मानलेला’ म्हटलेच नाही, म्हणून तो शब्द बाबांपर्यंत आला नाही, माझ्यापर्यंत तर कसा येणार?

तरी बाबांना चैन पडेना. म्हणाले, “पन काकू, मानलेला असला तरी मामा तं मामाच ना?”

गयाबाई म्हणाल्या, “नागो, त्यानं कान पिळला, रगत नाही देल्लं. उलट बरं हाय. भागीची नात माह्या घरात आली तं ह्याईले किती बरं वाटलं असतं! अन् पोरी, आमचीच साडी पिशवीत घालून काऊन फिरून राह्यली तू?”

मला इतके हलके वाटले की मी पहिल्यांदा ते पोहे खाल्ले. गार झाले होते, तरी दोनदा मागितले. पण खात्री ती खात्री, म्हणून खुशालमामांच्या चौकटीखाली ‘मानलेले’ असे लिहून मी त्याखाली गयाबाईंचा अंगठा घेतला. त्या म्हणाल्या, “लगन करून राह्यली का रजिस्ट्री?” अनुप शाईचा पॅड आणायला आतल्या खोलीत पळाले, आणि साक्षीदार म्हणून त्यांनीच तारखेसह सही केली. वेलीवरची ती रेघ शाईची आहे, खोडता येत नाही. मी ती तशीच ठेवली आहे. ती चुकीची आहे असे आता मला वाटतही नाही.

तेव्हा काळजीचे काहीही कारण उरलेले नाही. सगळे सुरळीत आहे. आई-बाबा मजेत, मीही. गुडघ्याला जपा.

तुमची,
दीपमाला

ता. क. काळजीचे कारण उरलेले नाही असे वर लिहिले आहे, ते एक कारण सोडून. आम्ही निघताना गयाबाईंनी तुमच्याबद्दल एक अट घातली : “रविवारी बयना दिसली पाह्यजे. नाही तं माहा बंडू काही मांडवात पाय ठेवत नाही.” बंडू म्हणजे अनुपचे वडील, माझे होणारे सासरे, वय सदुसष्ट. मी कारण विचारले आणि त्यांनी सांगितले. ते तिथेच बसून पंख्याकडे पाहत होते. आजी गेल्यावर खुशालमामांनी तुम्हाला सून म्हणून मागितले होते म्हणे. बंडू तुम्हाला पाहायला आले, अंगणात आपला कोंबडा त्यांच्या अंगावर धावला, आणि ते कडब्याच्या गंजीवर चढून बसले ते दिवस मावळेपर्यंत उतरले नाहीत. आणि तुम्ही सगळ्या गावासमोर गंजीखाली उभ्या राहून म्हणालात, “कोंबड्याले भेनारा नवरा घेऊन मी काय अंडे उबवू?” त्याच दिवशी खुशालमामांनी टोपी उचलली आणि पुन्हा आपल्या घरी आले नाहीत. मी तुम्हाला बोल लावत नाही. तेव्हा तुम्ही सतरा वर्षांच्या होतात. वेलीतही याची नोंद करणार नाही.

ता. क. २. तर शनिवारीच या. आमचा कोंबडा शुक्रवारी आईच्या माहेरी जाणार आहे. जेवणात वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी आहे, अंडेसुद्धा नाही. (वहिनी, येताना बसमध्ये त्यांना आणखी एकदा बजावा. हसू आलेच तर पदर आहे.)

ता. क. ३. (वहिनी, हे मोठ्याने वाचा, दोनदा.) गयाबाईंनी मला विचारले, “बयना अजून माह्या बंडूले हासते का?” आणि मी, जी उशीर झाला तर हजेरीपटात मिनिटे लिहिते, ती मी पटकन म्हणाले, “छे आजी, आत्या तर त्यांचे नाव फार आदराने घेतात.” सासऱ्यांनी पंख्यावरची नजर काढली आणि इतक्या वर्षांनी, इतक्या हळू आवाजात विचारले, “खरंच?” मी हो म्हटले. आत्याबाई, जन्मात पहिल्यांदा मी खोटे बोलले आहे, तेही तुमच्या नावाने. रविवारी दुपारच्या आत ते खरे करून द्या.