वचनात बाबांचं नाव

प्रिय आईस,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचं काम आता माझ्या एकटीवर सोपवलं आहे.

तू सांगितलंस तसं रोज सकाळी खिडकीशी उभी राहून, बायबलमधल्या बरं होण्याच्या वचनात बाबांचं नाव घालून मोठ्याने म्हणते. बाबा उठले, बाबा चालू लागले, प्रभू तुझे आभार. मिळालं असं धरूनच मागायचं, हे विसरत नाही. पण आत काहीच हलत नाही गं. रडूही येत नाही. बाटल्यांवरची लेबलं वाचावीत तसं होतं.

काल सुट्टी मागायला गेले, तर प्रयोगशाळेच्या मॅडम हसल्या. "अगं, वडील खडखडीत बरे झाले ना? तुझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी पार्टी मागत होती. म्हणे, रोज सकाळी भिंतीतून ऐकू येतं!"

उलट बोललं की विश्वास ढळतो, असं तू म्हणतेस. शेवटी म्हटलं, "नाही मॅडम, ते अजून अंथरुणावरच आहेत." सुट्टी मिळाली. शनिवारी निघते.

रागावू नकोस. वचन म्हणायचं मी सोडणार नाही. माझ्या वाटण्या-न वाटण्यावर देव थोडाच अवलंबून आहे? धाकटी अभ्यास करते ना? तुझी कंबर कशी आहे?

एक गोष्ट फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते. तू "बाबा उत्तम आहेत" म्हणतेस, ते वचन असतं की बातमी? या वेळी मला बातमी सांग.

तुझ्या प्रार्थनेत असलेली,
तुझी थोरली