हुं म्हणायला शिकताना

ती. ताईला वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकले असं समजून घे).

तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? आणि आमचं कन्यारत्न भांडून ‘चार दिवस’ म्हणून तुझ्याकडे आलंय, ते परत यायचं नाव काढतं का? (मी विचारलं म्हणून सांगू नकोस. ती माझा फोन उचलत नाही, तर मीही काही वाट बघत बसलेली नाही.)

ताई, मी अजून हादरलेलीच आहे. इतकी वर्षं गणित शिकवून घसा बसला म्हणून मी शाळेतली समुपदेशक व्हायचं प्रशिक्षण घेतेय, हे तुला ठाऊक आहे. मला वाटलं, मुलांना सल्ले द्यायचे, त्यात काय मोठंसं! ते तर मी न मागताही देते. पण पहिल्याच दिवशी प्रशिक्षक बाईंनी बजावलं, सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोंड घालायचं नाही, ऐकायचं, फार तर समोरच्याला काय वाटतंय ते त्यालाच बोलून दाखवायचं, नाहीतर नुसतं हुं म्हणायचं. (त्यानंतर त्या स्वतःही तेवढंच म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना हुं बाई म्हणतो.) मी थक्क! अगं, मग आम्ही तिथे बसायचं कशाला? घरी यांच्यावर सराव केला. हे म्हणाले, चहात साखर नाही. मी शांतपणे म्हटलं, साखर नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं आणि स्वतः उठून साखर घेतली. (यांना डबा सापडला, हाही धक्काच.)

पण खरा धक्का काल बसला. वर्गात जोड्या लावल्या. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं आपल्या ओळखीचं एखादं मूल. माझ्या वाट्याला आले एक निवृत्त ड्रिलमास्तर. जन्मभर शिट्टी फुंकलेला माणूस, तो काय ऐकणार, कपाळ! मी ठरवलं, आपल्या लेकीचंच सोंग घेऊ, तिचे नखरे मला तोंडपाठ. गाल फुगवले, पाय खुर्चीवर घेतले (कंबर तिथेच धरली) आणि ठसक्यात सुरुवात केली, आमची आई ना! सगळे हसले, मीही हसले. ड्रिलमास्तर म्हणाले, हुं. मी पुढे म्हटलं, कॉलेजात माझं मन लागत नाही एवढंच सांगत होते, तर वाक्य संपायच्या आत आईनं वेळापत्रक आखलं, पहाटे उठायला सांगितलं आणि प्राचार्यांना फोनसुद्धा लावला. ड्रिलमास्तर पुन्हा, हुं. त्या मेल्या हुंमध्ये काय होतं देव जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, मला उपाय नको होता, मला नुसतं तिच्याजवळ बसायचं होतं. अगंबाई! हे मला कुठून कळलं? लेक तर असं कधी बोलली नव्हती! बोलणार कधी, मी बोलू देईन तेव्हा ना! मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. ड्रिलमास्तर घाबरून खिशातून रुमाल काढायला गेले तर शिट्टी निघाली, तीच त्यांनी माझ्या हातात ठेवली. आणि हुं बाई चक्क म्हणाल्या, आज तुमची प्रगती झाली. ही प्रगती म्हणे! मला जेवण गेलं नाही.

भावजींना नमस्कार. खोकल्यावर काय घ्यायचं ते मी सांगणार नाही (बंदी आहे).

तुझी,
धाकटी

ता. क. – रविवारी मी फोन करीन. तो तू उचल आणि काही न सांगता तिच्या हातात दे. मी बोलणार नाही गं, शपथ. ती बोलली तर हुं म्हणेन. गप्प राहिली तरी चालेल, मी नुसता कानाला धरून बसेन.

ता. क. – फक्त गॅलरीत उभी राहून बोलू नकोस म्हणावं, तिथे वारा लागतो. आणि केस ओले असतील तर आधी (हे खोडलंय असं समज. हुं.)