लाल झाकण, निळं झाकण

४ मार्च, मंगळवार
दोरीवर कपड्यांऐवजी कागद! सूनबाईची नोंदवही गुहेतल्या पाण्यात पडली. पानं चिमटे लावून वाळत घातली, पण शाई सगळी वाहून गेलेली. म्हणे, काळजी नको, वटवाघळं नदीच्या कुठल्या काठावरची ते डब्यांवरून कळतंच. लाल झाकण अलीकडचा काठ, निळं पलीकडचा. आणि डबे कुठे? माझ्या फ्रीजमध्ये, दुधाशेजारी! डब्यांत काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीत पंखाच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा. देवा, तूच बघ.

६ मार्च, गुरुवार
हे म्हणाले, नुसती चिडतेस, एकदा विचार तरी. विचारलं. लांब, अरुंद पंखांची वटवाघळं दूरदूर जातात, कुठेही घरोबा करतात, म्हणून त्यांचं रक्त सगळीकडे सारखं. आखूड, रुंद पंखांची झाडीत झकास वळतात, पण नदी ओलांडत नाहीत. दोन काठांवर दोन कुळं होतात. एवढं सिद्ध करायला तीन वर्षं!
मी म्हटलं, "म्हणजे पहिली तुझ्यासारखी, दुसरी माझ्यासारखी."
"लांब पंखांना घरात वळता येत नाही, आई."
हे पेपराआड हसले. वळता येत नाही ते खरंच आहे, रोज एक कप फुटतो.
सगळं कळलं मला. मॅट्रिकला गणितात ब्याण्णव होते. कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते.

९ मार्च, रविवार
फ्रीजचा बर्फ काढला. तिचे दोन्ही डबे पुसले. नळ्यांवरचे आकडे वाट्टेल तसे — काय हा गबाळेपणा! वस्तू हलवण्याआधी नोंद हवी, म्हणून:
लाल — ७, ३१, २, ४०, १९, २६.
निळं — १२, ५, ३३, ९, २८, १६.
मग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावल्या. पहिल्या सहा लालमध्ये, उरलेल्या निळ्यात. आता कसं बघवतं!

१२ मार्च
डबे गेले एकदाचे प्रयोगशाळेत. फ्रीज माझा झाला.

२१ मार्च, शुक्रवार
तोंड पाडून आली. आखूड पंखांचीच वटवाघळं, तरी दोन्ही काठांची सरमिसळ निघाली. तिच्या मॅडम म्हणाल्या, नमुने बिघडलेत, टाका. आणखी एक वर्ष गुहेत जा. जेवली नाही. आणि मी काय बोलले? अन्न वाया घालवू नकोस!

२२ मार्च
जपाला बसले. मन लागेना. सरमिसळ, सरमिसळ… माळ खाली ठेवली. सरमिसळ मी केली! ह्या हातांनी!
यादी ह्याच वहीत. नुसती नक्कल करून दिली तर मॅडम कशाला मानतील? तारखेसकट मूळ पान हवं. पान फाडून द्यावं तर पुरावा अर्धवट. आणि मागेपुढे तिच्याबद्दल काय काय लिहिलंय!
वही दिली. सगळी.
"आई, तुम्ही हे लिहून ठेवलंत?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं होतं.

२५ मार्च, मंगळवार
वही परत आली. यादीप्रमाणे लावल्यावर दोन कुळं स्वच्छ वेगळी पडली. मॅडमनी पानाचा फोटो काढून घेतला. वर्ष वाचलं.
'गबाळेपणा'खाली पेन्सिलीने लिहिलंय — मान्य. पण पुन्हा नळ्यांना हात लावाल तर बघा. 'ब्याण्णव'भोवती गोल. शेजारी — मला अठ्ठ्याहत्तर.
म्हणजे सगळं वाचलं.

२६ मार्च
आज तिने चौकटीच्या कागदावर उतरवून आणलेले अकरा पंख मोजायला मला दिले, मोजले. तिच्या मापांत दोन चुका निघाल्या.